पातळी

शारजात, इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या गोदामामागे
आमची इमारत. बाहेर सत्तेचाळीस,
टाकीत वजा एकशे शहाण्णव,
आणि मधल्या दाराशी मी, हर्णैचा,
बर्फाच्या कारखान्यातल्या माणसाचा मुलगा.

बाप म्हणायचा, बर्फवाल्यावर कुणी भरवसा ठेवत नाही.
तो वजनात मारत नाही, वेळेत मारतो.
लादी घरी पोचेस्तोवर निम्मी होते
आणि गिऱ्हाइकाला वाटतं, आपल्यालाच उशीर झाला.

इथे तर आम्ही वेळच विकतो.
अकरा टाक्या, स्टीलच्या, पुरुषभर उंचीच्या वर,
आत सव्वीस माणसं, डोकं खाली करून,
कारण गारवा तळाशी शेवटपर्यंत टिकतो.
त्यांचा करार दोनशे वर्षांचा.
माझा व्हिसा दोन.

शनिवारी कंपनीने लोक बोलावले.
समोसे, खजूर, पडद्यावर निळा उजेड.
डॉक्टर शुक्री 'भविष्य' हा शब्द इतक्यांदा बोलले
की तो जुन्या दिरहमासारखा गुळगुळीत झाला.
लोकांनी माना हलवल्या, समोसे संपवले.
फॉर्मचा गठ्ठा होता तेवढाच उंच.

मग कमरुन्निसा परकार उठल्या.
रोल्याला शिवणाचं दुकान, तीस वर्षं.
नवरा गेला तेव्हा कागद पुरे होईपर्यंत
एकोणीस दिवस इस्पितळाच्या खणात होता.
खण हाच शब्द वापरला त्यांनी,
कपाटाचा असतो तसा.
रोज जाऊन विचारायची, म्हणाल्या, थंड आहे ना?
रोज तोच मुलगा म्हणायचा, आहे.
नंतर कळलं, मधे दोन दिवस मशीन बंद होतं.

"वीज गेली तर?"
वीज लागतच नाही, डॉक्टर म्हणाले, खुशीत.
"मग काय लागतं?"
डॉक्टरांनी पडद्याकडे पाहिलं. पडद्यावर ते नव्हतं.
"उठवणारा कोण, ते मला ठाऊक आहे," बाई म्हणाल्या,
"मी विचारते, सांभाळणारा कोण?"

मी मागच्या भिंतीशी, खुर्च्या आवरायला थांबलेला.
जाऊन वही आणली.
दर गुरुवारी लाकडी पट्टी टाकीत सोडायची,
काढून हवेत हलवायची,
जिथवर पांढरं चढेल तिथवर पातळी.
आकडा, वेळ, सही.
आणि ईदच्या आठवड्यातलं ते पान:
टँकर आला नाही. सात नंबर, एक वीत खाली.
मॅनेजर म्हणाले होते, पेन्सिलीने लिही.
मी पेनाने लिहिलं.
धैर्य वगैरे नाही. खिशात पेन्सिल नव्हती.

बाईंनी ते पान दोनदा वाचलं,
चष्मा कपाळावर नेऊन तिसऱ्यांदा.
फॉर्म घेतला नाही.
"गुरुवारी किती वाजता?" एवढंच.

आता येतात. पट्टीवरचं पांढरं उडून जाण्याआधी
शिवणाच्या टेपने मोजतात, माझ्या आकड्याशी ताडतात.
कधी टॅक्सीवाल्या कुंजुमोनला आणतात,
कधी शेजारच्या मारिसेलला. ती नर्स आहे,
तिचे प्रश्न संपत नाहीत.
आतले उठतील का, तिने विचारलं.
माहीत नाही, मी म्हणालो.
त्या दिवशी तिने एक फॉर्म घडी घालून पर्समध्ये टाकला.
भरला का, मी विचारलेलं नाही.

मागच्या महिन्यात मला ताप आला, आठ दिवस.
परतलो तर माझ्या रकान्यात आकडा, वेळ,
आणि उर्दू वळणाच्या अक्षरात दुसरीच सही.
खाली, पेनाने:
चार नंबर अर्धा इंच कमी.
टँकरवाल्याला फोन केला. उचलला नाही.
परत करते.